भूकंपाचा माग: पुण्यात बसून नोंदी कशा वाचाव्यात आणि भाकिते कशी तपासावीत

कोयनेच्या परिसरात किंवा हिंगोली-नांदेडकडे जमीन हलल्याची बातमी आली, की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तासाभरात दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एकात ‘आज रात्री मोठा धक्का येणार, घराबाहेर झोपा’ असे बजावलेले असते, तर दुसऱ्यात ‘भूकंपाबद्दल विज्ञानाला काहीच सांगता येत नाही’ असे म्हणून हात झटकलेले असतात. दोन्ही चूक आहेत. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, एवढा मोठा भूकंप होईल असे खात्रीने सांगणारी पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. मात्र भूकंप कुठे होऊ शकतात, एखाद्या भागात ते साधारण किती वेळा होतात, झाल्यास आपल्या पायाखालची जमीन किती जोराने हलेल आणि सुरू झालेल्या भूकंपाच्या लहरी आपल्यापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतील, या चार प्रश्नांची उत्तरे मोजमापातून मिळतात. ‘कधी’ या एका प्रश्नापायी या चार उत्तरांकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही.

पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. शालेय गणित आणि हातातला फोन एवढ्यावर बहुतेक काम भागते. शेवटच्या काही पायऱ्यांसाठी संगणक लागेल.

पहिली पायरी: आपल्या भोवतीचा नकाशा

पश्चिम भारताचा साधा नकाशा घ्यावा आणि पुणे मध्यभागी धरून सुमारे सव्वाशे, पावणेतीनशे आणि साडेसहाशे किलोमीटर त्रिज्येची तीन वर्तुळे काढावीत. पहिल्या वर्तुळाच्या दक्षिण टोकाशी कोयनानगर येते. तिथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ मॅग्निट्यूडचा (मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाचा आकार) भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. दुसऱ्या वर्तुळाच्या पूर्वेला किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना झालेल्या ६.२ मॅग्निट्यूडच्या भूकंपात तिथे जवळपास दहा हजार लोकांचा बळी गेला. तिसरे वर्तुळ कच्छपर्यंत पोहोचते, जिथे २६ जानेवारी २००१ रोजी ७.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. या तिन्ही भूकंपांचे हादरे पुण्यात जाणवले होते.

भूकंपरोधक बांधकामासाठीच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे विभाग ३ मध्ये आणि कोयना परिसर विभाग ४ मध्ये आहे. विभाग ३ साठी ०.१६ आणि विभाग ४ साठी ०.२४ हा गुणांक धरतात. इमारतीची रचना करताना जमिनीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या किती पट गृहीत धरायचे, याचा तो पाया असतो. नकाशावरचा रंग फिका आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हे किल्लारीने शिकवले, कारण १९९३ मध्ये तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये गणला जात होता. २००२ मध्ये हे मानक सुधारताना विभाग १ काढूनच टाकण्यात आला.

नकाशावर आणखी एक खूण करावी, ती म्हणजे आपल्या घराखाली काय आहे याची. पुण्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला असला, तरी मुळा-मुठेच्या काठचा गाळ, बुजवलेले ओढे आणि जुन्या खाणींत टाकलेला भराव यांवरही इमारती उभ्या आहेत. मऊ थरांत कंपने वाढतात. कच्छच्या भूकंपाच्या वेळी केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, त्यामागे जमिनीचा हा गुण आणि खाली पार्किंगसाठी मोकळे सोडलेले कमकुवत मजले, अशी दोन्ही कारणे होती.

दुसरी पायरी: नोंद कुठून मिळवावी

देशातल्या भूकंपांची अधिकृत नोंद दिल्लीतील राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, म्हणजे एनसीएस, ठेवते. ते केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. देशभरातील दीडशेहून अधिक केंद्रांतून त्याच्याकडे सतत नोंदी येत असतात आणि धक्क्यानंतर काही मिनिटांत वेळ, स्थान, खोली व मॅग्निट्यूड हे चार आकडे त्याच्या संकेतस्थळावर आणि ‘भूकंप’ या नावाच्या ॲपवर दिसतात. महाराष्ट्रातल्या धरणांच्या परिसरात नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था भूकंपमापन केंद्रे चालवते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने कोयनेत सुरुवातीच्या काळात केलेले मापन तर या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले आहे. पुण्याचे स्वतःचे केंद्रही जुने आहे: १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पुढाकाराने जगभर एकसारख्या यंत्रांची जी साखळी उभी राहिली, तिच्यात पुणे ‘पीओओ’ या सांकेतिक अक्षरांनी नोंदलेले होते. भूमिगत अणुचाचण्या ओळखणे हा त्या साखळीमागचा एक मोठा हेतू होता, पण तिच्यामुळे भूकंपशास्त्राला प्रथमच तुलना करता येण्याजोग्या जागतिक नोंदी मिळाल्या.

पहिल्या पाच मिनिटांतला आकडा अंतिम समजू नये. सुरुवातीला मोजक्याच केंद्रांवरून, संगणकाने आपोआप काढलेले ते उत्तर असते. नंतर शास्त्रज्ञ आलेख स्वतः पाहून ते सुधारतात आणि मॅग्निट्यूड दशांश दोन-तीनाने, तर स्थान काही किलोमीटरने बदलते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा आकडा थोडा वेगळा दिसला, तर त्यात काही लपवाछपवी नसते. दोघांची केंद्रे आणि मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, इतकेच.

तिसरी पायरी: आलेख वाचणे

या पायरीवर घाई करू नये, कारण बाकीचे सारे तिच्यावर उभे आहे. भूकंपमापकाचे तत्त्व जडत्वाचे आहे. चौकट जमिनीसोबत हलते, आत टांगलेले वजन जागीच राहू पाहते आणि या दोघांमधला फरक विद्युत संकेताच्या रूपाने नोंदला जातो. आधुनिक यंत्रात तीन घटक असतात: एक उभा, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. दर सेकंदाला सहसा शंभर नोंदी होतात आणि प्रत्येक नोंदीवर जीपीएसची वेळ असते. वेळ अचूक नसेल, तर उरलेल्या नोंदीचा स्थान काढायला काही उपयोग होत नाही.

कोयनेच्या एखाद्या मध्यम धक्क्याचा पुण्यात नोंदलेला आलेख डोळ्यांसमोर आणावा. आधी बारीक, अनियमित थरथर चाललेली असते. ती रस्त्यांची, कारखान्यांची, वाऱ्याची आणि दूरच्या समुद्राची. मग उभ्या घटकावर रेषा अचानक तीक्ष्ण होते आणि लहान, दाट शिखरे सुरू होतात. या प्राथमिक, म्हणजे पी लहरी होत. त्या खडकाला पुढे-मागे दाबत येतात आणि पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या भागात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावतात. सुमारे पंधरा सेकंदांनी दोन्ही आडव्या घटकांवर रेषा एकदम फुगते, शिखरे उंच आणि रुंद होतात. या दुय्यम, म्हणजे एस लहरी; त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर असतो. त्यांच्यापाठोपाठ पृष्ठलहरी येतात आणि मग आलेख हळूहळू निवळत जातो.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ती किती दूर पडली हे आपण ताडतो, तोच हिशेब इथे लागू पडतो. दर किलोमीटरमागे एस लहर पी लहरीच्या सुमारे ०.१२ सेकंद मागे पडते. म्हणजे दोन्हींमधल्या अंतराच्या सेकंदांना साधारण ८.४ ने गुणले, की भूकंप किती किलोमीटर दूर झाला ते मिळते. पंधरा गुणिले ८.४ म्हणजे १२६ किलोमीटर, आणि पुण्याहून कोयनेचे सरळ रेषेतले अंतर जवळपास तेवढेच आहे. हे सूत्र दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत चांगले चालते. त्यापलीकडे पहिली लहर कवचाखालच्या अधिक वेगवान थरातून येते, म्हणून प्रवासवेळेची तक्ते वापरावी लागतात.

एका केंद्रावरून अंतर कळते, दिशा मात्र नक्की होत नाही. म्हणून पुणे, कराड आणि सोलापूर अशी तीन ठिकाणे घेऊन, प्रत्येक ठिकाणचे अंतर त्रिज्या धरून नकाशावर वर्तुळे काढावीत. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरची जमिनीवरची जागा, असते. कंपास घेऊन कागदावर हे प्रत्यक्ष करून पाहावे असा माझा आग्रह आहे. वर्तुळे सहसा एका बिंदूत मिळत नाहीत, त्यांच्यामध्ये छोटा त्रिकोण उरतो. तो त्रिकोण म्हणजे खोलीचा आणि वेगाच्या अंदाजातल्या चुकीचा परिणाम असतो. संगणक हेच काम शेकडो वेळा करून, खोली बदलत बदलत, त्रिकोण सर्वांत लहान होईल असे उत्तर शोधतो.

चौथी पायरी: मॅग्निट्यूड आणि तीव्रता वेगळी ठेवणे

वर्तमानपत्रांत ‘४.५ रिश्टर स्केल तीव्रता’ असे सर्रास छापतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. मॅग्निट्यूड हा भूकंपाचा स्वतःचा आकार आहे. तो पुण्यातून मोजला काय किंवा दिल्लीतून मोजला काय, एकच यायला हवा. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. किल्लारीत घरे भुईसपाट करणारा भूकंप पुण्यात फक्त दिवे हलवून गेला.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या मापनात, शंभर किलोमीटर दूर असलेल्या ठरावीक प्रकारच्या यंत्रावर एक मिलिमीटरची रेषा उमटली, तर तो ३ मॅग्निट्यूडचा भूकंप धरला जात असे. रेषा दसपट झाली, की आकडा एकाने वाढतो. ऊर्जा मात्र दर आकड्याला सुमारे ३२ पट वाढते, म्हणून दोन आकड्यांचा फरक म्हणजे सुमारे हजार पट ऊर्जा. ‘लहान धक्के बसले म्हणजे ताण निघून गेला’ या समजुतीचे उत्तर या गणितात आहे: सहाच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला चारचे हजार धक्के लागतील. मोठ्या भूकंपांसाठी आज आघूर्ण (मोमेंट) मॅग्निट्यूड वापरतात. प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडकातल्या ज्या भेगेवर सरक होते तिचा, किती भाग सरकला, किती सरकला आणि खडक किती ताठ होता, या तीन गोष्टींवरून ते काढले जाते.

पाचवी पायरी: धक्क्यांची वही

एकेक बातमी वाचून काही हाती लागत नाही. नोंदींची मालिका हवी. एनसीएसच्या यादीतून महाराष्ट्रातले धक्के निवडून एका तक्त्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि मॅग्निट्यूड भरावे. नंतर ३, ४ आणि ५ यांच्या वरचे धक्के किती, हे वेगवेगळे मोजावे. जगात जवळपास सर्वत्र दिसणारा एक नियम इथे सापडतो: मॅग्निट्यूड एकाने कमी केले, की धक्क्यांची संख्या साधारण दसपट होते. गटेनबर्ग आणि रिश्टर यांच्या नावाने तो ओळखला जातो. कोयनेत १९६७ पासूनच्या पाच दशकांत ५ किंवा त्याहून मोठे २२ आणि ४ किंवा त्याहून मोठे सुमारे २०० धक्के झाले, आणि त्याहून लहान तर हजारोंनी. २२ आणि २०० यांचे प्रमाण पाहिले, की नियम आपोआप पटतो. एखाद्या भागात दीर्घ काळात सरासरी किती मोठे धक्के अपेक्षित धरायचे, याचा अंदाज लहान धक्क्यांच्या मोजणीवरून असाच बांधतात.

कोयनेची वही भरताना आणखी एक रकाना ठेवावा: शिवाजीसागर जलाशयाची पाणीपातळी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जलाशय भरू लागल्यावर या परिसरात धक्के जाणवू लागले आणि आज कोयना जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. पाण्याचे वजन आणि भेगांतून खोलवर झिरपणारा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगाची पकड सैल होते. भूकंपाची ऊर्जा पाणी देत नाही, ती खडकात आधीपासूनच साठलेली असते. पाणी फक्त ती बाहेर पडण्याची वेळ अलीकडे आणते. पावसाळ्यानंतर पातळी चढलेली असताना धक्के वाढतात आणि पातळी उतरू लागते त्या काळातही वाढ दिसते. पाणी किती वेगाने चढले, पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेले का आणि वरच्या पातळीवर किती काळ टिकले, या तीन गोष्टींवर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके काम केले आहे.

कोयना-वारणेचे धक्के सुमारे वीस गुणिले तीस किलोमीटरच्या पट्ट्यात आणि बहुतेक दहा किलोमीटरच्या आत खोलीवर होतात. जवळपास दुसरा कोणताही सक्रिय पट्टा नाही. भूकंप जिथे जन्मतो त्या खडकापर्यंत पोहोचून मोजमाप करता येईल अशी जागा जगात विरळाच, आणि ती पुण्याहून काही तासांच्या अंतरावर आहे. कराडच्या भूविवर संशोधन प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल पथदर्शी विवर पूर्ण झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइटसदृश पाया लागला. एवढ्या खोलीवरचे तापमान, खडकातील भेगा आणि ताणाची दिशा प्रत्यक्ष मोजायला मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्रात तिच्याबद्दल जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही.

सहावी पायरी: पूर्वखुणांकडे कसे पाहावे

पूर्वखुणांचा शोध जुना आहे. जमिनीतून बाहेर पडणारा रेडॉन वायू, विहिरींची पातळी, पी आणि एस लहरींच्या वेगांचे प्रमाण, वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत बदल, प्राण्यांचे वागणे आणि पूर्वधक्के, या सगळ्यांचा अभ्यास झाला आहे. यांपैकी काही बदल काही भूकंपांपूर्वी खरोखर दिसले आहेत. अडचण अशी, की तेच बदल भूकंप न होताही दिसतात आणि पुष्कळ मोठे भूकंप कोणतीही खूण न दाखवता येतात.

चीनमधील हायचेंगला ४ फेब्रुवारी १९७५ रोजी मोठ्या भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढण्यात यश आले, मुख्यतः पूर्वधक्क्यांची रीघ लागल्यामुळे. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी तांगशान शहर पूर्वसूचनेशिवाय उद्ध्वस्त झाले आणि अधिकृत आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांहून अधिक लोक मरण पावले. कॅलिफोर्नियातील पार्कफील्डला १८५७ पासून १९६६ पर्यंत सरासरी बावीस वर्षांनी सहाच्या आसपासचे भूकंप होत आले होते. त्या आधारे १९९३ पूर्वी पुढचा भूकंप होईल असे मानून तिथे यंत्रांचे जाळे उभारले गेले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि एवढी यंत्रे रोखलेली असूनही आधी वापरता येईल अशी स्पष्ट खूण मिळाली नाही.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान धक्के जाणवले होते आणि पुढच्या वर्षी मोठा भूकंप झाला. पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका चालली, लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, पण मोठा भूकंप आला नाही. दोन्हींकडे सुरुवात सारखीच दिसते. कोणता धक्का पूर्वधक्का होता हे मोठा भूकंप होऊन गेल्यावरच ठरते, आणि भाकितासमोरची खरी अडचण हीच आहे. कॅलिफोर्नियातील नोंदींवरून एखाद्या धक्क्यानंतर आठवडाभरात त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता साधारण वीसांत एक धरतात. ही शक्यता नेहमीच्या मानाने बरीच जास्त आहे, म्हणून सावध राहावे. पण गाव रिकामे करावे इतकी ती नाही.

जमिनीच्या संथ हालचालीचे मोजमाप याहून भरवशाचे आहे. जीपीएसची स्थिर केंद्रे वर्षाला मिलिमीटरमध्ये सरक मोजतात. हिमालयात भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आत दाबला जातो, हे त्यांवरून कळले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह रडारच्या साहाय्याने बारा दिवसांच्या अंतराने त्याच भूभागाच्या प्रतिमा घेतो आणि जमीन वर-खाली झालेली त्यात दिसते. दख्खनच्या पठारावर मात्र ताण इतका संथपणे साठतो, की काही वर्षांच्या मापनातून धोक्याची जागा ओळखणे कठीण जाते. किल्लारी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती, त्याचे हे मुख्य कारण.

सातवी पायरी: आलेले भाकीत तपासणे

संदेश आला, की त्यात चार गोष्टी शोधाव्यात: नेमके क्षेत्र, सुरुवात आणि शेवट असलेला काळ, मॅग्निट्यूडची मर्यादा आणि शक्यता किती टक्के. एक जरी नसली, तर ते भाकीत चूक ठरूच शकत नाही, आणि जे चूक ठरू शकत नाही त्याची तपासणीही होत नाही.

चारही असल्या, तर ती गोष्ट योगायोगाने घडण्याची शक्यता काढावी. जगात दरवर्षी ५ ते ५.९ मॅग्निट्यूडचे तेराशेच्या आसपास, ६ ते ६.९ चे सव्वाशे-दीडशे आणि ७ ते ७.९ चे पंधराएक भूकंप होतात. म्हणजे ‘येत्या आठवड्यात पॅसिफिकच्या काठावर सहाचा भूकंप होईल’ असे कोणीही, कोणत्याही आठवड्यात म्हणावे. ते बहुतेक वेळा खरेच ठरेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीतील भूकंपानंतर ग्रहस्थितीवरून आधी केलेले एक भाकीत जगभर फिरले. अशा वेळी त्याच व्यक्तीची आधीची सगळी भाकिते काढून किती फसली ते मोजावे; फक्त जुळलेले भाकीत पुढे पाठवले जाते, म्हणून ते चमत्कारासारखे दिसते.

शास्त्रज्ञांच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावावी. कोयनेत चारच्या आसपासच्या धक्क्यांचे अल्पमुदतीचे अंदाज बांधण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते गांभीर्याने घेण्यासारखे आहेत, कारण क्षेत्र लहान आहे, नोंदी दाट आहेत आणि अंदाज आधी लिहून ठेवून नंतर तपासला जातो.

आठवी पायरी: हाती येणारे सेकंद

भाकीत आणि पूर्वसूचना यांत मूलभूत फरक आहे. पूर्वसूचना यंत्रणा भूकंप सुरू झाल्यानंतर काम करते. केंद्राजवळची यंत्रे पी लहरीची पहिली काही सेकंदे पाहून आकार ताडतात आणि विजेच्या वेगाने संदेश पुढे पाठवतात. जपानमध्ये १ ऑक्टोबर २००७ पासून ही सेवा सर्वांसाठी सुरू आहे.

पुण्यापुरता हिशेब करून पाहू. कोयनेत मोठा भूकंप सुरू झाला, तर एस लहर पुण्यात पोहोचायला सुमारे ३६ सेकंद लागतील. जवळच्या यंत्रांनी ओळखून संदेश पाठवण्यात दहा-बारा सेकंद गेले असे धरले, तरी वीस-पंचवीस सेकंद उरतात. किल्लारीच्या अंतरावरून एक मिनिटाच्या आसपास वेळ मिळू शकतो. पण ज्यांना सर्वाधिक धोका त्या पाटण किंवा कोयनानगरला जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण संदेश तयार होण्याआधीच एस लहर तिथे पोहोचलेली असते. ही मर्यादा तंत्रज्ञान सुधारून पूर्ण जाणार नाही. तिथे मजबूत घर हाच उपाय आहे.

अँड्रॉइड फोनवर गूगलची भूकंप सूचना सप्टेंबर २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. फोनमधला त्वरणमापक हलणे टिपतो, एकाच भागातल्या अनेक फोनांनी एकाच वेळी तसे कळवले, की सूचना निघते. सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणी या विभागात जाऊन भूकंप सूचना चालू आहे का पाहावे. लोकेशन आणि इंटरनेट चालू असणे आवश्यक आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवरही तेच करावे. सूचना आली, की गॅसचा बर्नर बंद करणे, लिफ्टकडे न जाणे आणि भक्कम टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरणे, एवढेच त्या सेकंदांत होते. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून जिन्याने खाली धावण्याइतका वेळ नसतो.

नववी पायरी: घरचे यंत्र

सुरुवात फोनने करावी. फायफॉक्स हे जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे मोफत ॲप त्वरणमापकाच्या तिन्ही घटकांचा आलेख दाखवते. फोन गादीवर किंवा टेबलावर न ठेवता तळमजल्याच्या शहाबादी फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात सपाट ठेवावा आणि नोंद सुरू करून दूर व्हावे. शेजारून कोणी पाय आपटत गेले, की प्रत्येक पावलाचे टोकदार शिखर दिसते. ते अर्ध्या सेकंदात विरते, भूकंपाचे तसे विरत नाही. फोनच्या त्वरणमापकात स्वतःचाच गोंगाट बराच असतो, म्हणून माणसाला न जाणवणारे दूरचे धक्के त्यावर उमटणार नाहीत.

त्यासाठी जिओफोन लागतो. चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली कॉइल असलेला हा छोटा संवेदक तेलशोधाच्या कामात पूर्वीपासून वापरला जातो. त्याला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाशी जोडलेले ‘रास्पबेरी शेक’ हे तयार यंत्र जगभरच्या शाळा आणि हौशी अभ्यासक वापरतात. जागा निवडताना तळमजला किंवा तळघर, पाण्याच्या पंपापासून आणि लिफ्टच्या खोलीपासून दूर, असा विचार करावा. वरच्या मजल्यावर यंत्र ठेवले, तर इमारतीचे झुलणेच जास्त नोंदले जाते. पुण्यात दिवसभर पीएमपीच्या बसगाड्या, मेट्रोचे काम आणि डंपर यांचा गोंगाट असतो, गणेशोत्सवात ढोलपथकांची भर पडते. म्हणून मध्यरात्र ते पहाटे या वेळेतल्या नोंदी आधी पाहाव्यात. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या यंत्रांवर माणसांनी निर्माण केलेला हा गोंगाट काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आला होता.

नोंदी तपासायला पायथन भाषेतील ऑब्सपाय ही मोफत संगणक-प्रणाली घ्यावी. प्रथम १ ते १० हर्ट्झच्या बाहेरची कंपने गाळून टाकावीत. मग दर क्षणी दोन सरासऱ्या काढाव्यात, एक मागच्या एका सेकंदाची आणि एक मागच्या तीस सेकंदांची, आणि पहिलीला दुसरीने भागावे. शांत असताना उत्तर एकच्या आसपास राहते. ते तीन-चारच्या वर गेले, की काहीतरी आले असे धरून तो भाग उघडून पाहावा. मोठ्या केंद्रांवरही धक्के ओळखण्याची पहिली चाळणी अनेकदा हीच असते. बहुतेक वेळा ट्रक निघेल. पी आणि एस या दोन्ही लहरी वेगळ्या दिसल्या, मधल्या सेकंदांवरून अंतर जुळले आणि एनसीएसच्या यादीत त्याच वेळेचा धक्का सापडला, तरच त्यावर भूकंप अशी खूण करावी. मूळ, न गाळलेली नोंद मात्र कधीही पुसू नये.

दहावी पायरी: जाणवले असेल तर कळवणे

यंत्रे विरळ असतात, माणसे सर्वत्र असतात. धक्का जाणवला, तर एनसीएसच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाणवल्याची माहिती भरावी. वेळ, परिसर, इमारत किती मजली, आपण कितव्या मजल्यावर, बसलेलो होतो की चालत होतो, काय हलले आणि किती सेकंद, हे लगेच लिहून ठेवावे, कारण शेजाऱ्यांशी बोलल्यावर आठवण बदलत जाते. झोपाळा कोणत्या दिशेने झुलला, टांगलेला दिवा हलला की नाही, भांडी वाजली की फक्त पाणी डचमळले, असे तपशील तीव्रता ठरवताना थेट उपयोगी पडतात. काहीच जाणवले नसेल, तरी धक्क्याच्या वेळी आपण जागे असू तर तेही कळवावे. कोथरूडला जाणवले आणि हडपसरला नाही, किंवा दहाव्या मजल्यावर जाणवले आणि पहिल्यावर नाही, अशा माहितीतून कोणत्या जमिनीवर व किती उंचीवर कंपने वाढतात याचा शहरापुरता नकाशा तयार होऊ शकतो.